आकसलेलं वर्तुळ

सातवीत कंपास तीन, मुलं सव्वीस.
म्हणून चटई, खिळा, दोरी, खडू.
खिळा हलला की त्रिज्या खोटं बोलते,
एवढं सांगून मी बाजूला झाले.

नारिनला मार्चमध्येही नदी अर्धी गोठलेली असते.
शाळेच्या व्यायामशाळेत वास कोळशाचा,
ओल्या मोज्यांचा,
आणि आज मेंढीचा.

बुरमा एझे आमच्या स्वयंपाकघरात असतात.
भूमिती येत नाही, हे त्या आधीच सांगून मोकळ्या होतात.
खिळा उपटून त्यांनी लोकर पसरली,
खडूच्या रेषेबाहेर चार बोटं जास्त.
"आकसेल," म्हणाल्या.
"किती?" नुरझादाने वही उघडली.
"तिला वाटेल तेवढी."
नुरझादाने हे उत्तर काही लिहून घेतलं नाही.

मग उकळतं पाणी, साबण, गुंडाळी,
आणि बावन्न पायांची धपाधप.
तासभर कुणी घड्याळाकडे बघितलं नाही,
मीसुद्धा.

आमच्या वेळी गुरुजी एका फटक्यात
फळ्यावर वर्तुळ काढायचे.
आम्ही टाळ्या वाजवायचो.
ते मोजून बघावं
असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

गुंडाळ्या उलगडल्या.
तेरा जोड्या, तेरा नमदे,
त्यातला एकही गोल नाही.
ज्या दिशेने तुडवलं त्या दिशेने आखडलेला.
केंद्र लोकरीखाली गेलं होतं, ते गेलंच.
मेएरिमने दोन जीवा आखल्या,
त्यांचे लंबदुभाजक एका जागी भेटले.
हौसेने तिसरी आखली
तर तिचा दुभाजक बोटभर बाजूने निघून गेला,
ओळख नसल्यासारखा.

"आता परीघ मोजा. व्यासाने भागा. फळ्यावर लिहा."

तीन पूर्णांक शून्य दोन.
तीन पूर्णांक तीन.
दोन पूर्णांक नऊ, आणि पुढे लाजून काढलेलं प्रश्नचिन्ह.
सागिनने लिहिलं : ३.१४.
त्याच्या जोडीदाराला ताप, म्हणून एकट्याने तुडवलेला
त्याचा नमदा शेगडीजवळ पडला होता,
सोलताना अर्ध्यावर सोडलेल्या बटाट्यासारखा.

सगळ्यांच्या दोऱ्यांतून पाणी गळत होतं.
सागिनची दोरी कोरडी होती.

मी काही बोलले नाही.
फळ्यावरचं एकमेव बरोबर उत्तर
एकमेव खोटं होतं,
आणि हे वर्गात कसं सांगायचं
ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
नुरझादा एकदा दोरीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.
घंटा झाली. बरं झालं.

वह्या घ्यायला परत आले तेव्हा
तो गुडघ्यांवर होता, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.
"एझेके, परीघ एकशे शहात्तर.
असा मोजला तर व्यास साठ, तसा मोजला तर बावन्न.
असं भागलं तर दोन पूर्णांक त्र्याण्णव,
तसं भागलं तर तीन पूर्णांक अडतीस.
मग आता कुठलं लिहू?"

"दोन्ही."

त्याने बाहीने ३.१४ पुसलं.
जागा एकाच आकड्यापुरती होती,
म्हणून बारीक अक्षरात एकाखाली एक लिहिले.
मग जरा मागे सरून म्हणाला,
"ते पुस्तकातलं या दोघांच्या मधे कुठेतरी बसलंय."
मी हो म्हणाले.
आणखी म्हणायला हवं होतं, सुचलं नाही.

तो नमदा आता वर्गाच्या दाराशी असतो.
येणारा प्रत्येकजण त्याच्या मधोमध पाय ठेवतो,
आणि प्रत्येकाचा मध्य वेगळा.
फक्त बुरमा एझे चहाची किटली घेऊन
त्याला वळसा घालून आत येतात.
लोकर तुडवायची ती एकदाच, म्हणतात,
ती घडत असताना.